गोव्यात डिश बसवताय? आधी गच्चीवर जा

आमच्या घरावर डिशची पहिली छत्री बसली ती मे महिन्याच्या कडक उन्हात. बसवणाऱ्या मुलाने अर्ध्या तासात काम उरकलं, चित्र स्वच्छ आलं, आईने त्याला कोकम सरबत दिलं आणि तो गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला आणि चित्र गेलं. पाऊस थांबला तरी परत आलं नाही. मग कस्टमर केअर, मग टेक्निशियन, मग दुसरा टेक्निशियन. बॉक्स बदलला, एलएनबी म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवरची सिग्नल पकडणारी डबी बदलली, वायर बदलली. तिसरा आला त्याने बॅग खाली ठेवायच्या आधी नुसतं वर पाहिलं आणि विचारलं, "हा आंबा तुमचाच का?"

आंबा आमचा नव्हता, शेजारच्या काकांचा होता. त्यात तो मानकुराद, गोव्याचा लाडका आंबा. त्याची फांदी तोडायचा विषय काढायची घरात कुणाची हिंमत नव्हती. मे महिन्यात कोरड्या पानांच्या फटींतून जेमतेम सिग्नल येत होता. पानं भिजली आणि तेवढाही बंद झाला. छत्री गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली, दहा मिनिटांत काम झालं. मधला सव्वा महिना आईच्या मालिका बुडाल्या त्या बुडाल्याच.

आता आमच्या बाजूला वेर्ण्याच्या कारखान्यांत, पर्वरी-पणजीच्या ऑफिसांत नोकरीला आलेली कोल्हापूर, बेळगाव, सिंधुदुर्गाकडची बरीच कुटुंबं राहतात. घर लागलं की आधी गॅस, मग पाणी, आणि तिसरा प्रश्न ठरलेला: "इथे डिश कुठली चांगली चालते हो?" मी सांगतो, कंपनीचं नंतर बघू, आधी गच्चीवर जाऊन आग्नेयेला काय आहे ते बघून या.

पहिली पायरी: आग्नेयेला काय आहे?

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे ते आपल्याला आकाशात एका जागी ठोकून ठेवल्यासारखे असतात. आपल्याकडच्या डीटीएच, म्हणजे छत्रीवरून थेट घरात टीव्ही देणाऱ्या, कंपन्या जे उपग्रह वापरतात ते सगळे गोव्याच्या पूर्वेकडच्या रेखांशांवर आहेत. म्हणून इथली प्रत्येक छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसलेली दिसते. पण आग्नेय म्हणजे नेमकं कुठे, यात कंपनीगणिक बराच फरक आहे, आणि गोव्यासारख्या झाडांच्या मुलखात तोच फरक महत्त्वाचा.

टाटा प्ले ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहांवरून येतं. पणजी-फोंड्याकडून बघितलं तर फोनच्या होकायंत्रावर साधारण १४९ अंश ही दिशा आणि क्षितिजापासून ६९ अंश उंची. म्हणजे जवळजवळ डोक्यावरच. डीटूएच ८८ अंशांवर: दिशा १३७, उंची ६५. दूरदर्शनची फ्री डिश आणि सन डायरेक्ट ९३.५ अंशांवर: दिशा १२७, उंची ६१. डिश टीव्ही ९५ अंशांवर, म्हणजे त्याच्या अगदी शेजारी: दिशा १२५, उंची ६०. एअरटेल सगळ्यात पूर्वेला, १०८.२ अंशांवर: दिशा १११, उंची फक्त ४७. पेडण्यापासून काणकोणापर्यंत या आकड्यांत एखाद्या अंशाचाच फरक पडतो, तो घर निवडताना विचारात घ्यायचं कारण नाही.

आता याचा उपयोग. छत्री जिथे बसणार तिथे उभे राहा, होकायंत्र बघून त्या दिशेला तोंड करा आणि समोर माड किंवा इमारत आहे का ते बघा. समजा माडाचा शेंडा छत्रीच्या पातळीपेक्षा १० मीटर वर आहे. ६९ अंशांवरच्या उपग्रहासाठी तो माड ४ मीटर दूर असला तरी पुरतो. ६० अंशांसाठी ६ मीटर लागतात. ४७ अंशांसाठी ९ ते १०. यात चुडतांचा, म्हणजे झावळ्यांचा, पसारा धरलेला नाही, त्याचे आणखी ४-५ मीटर वाढवा. इमारतीलाही हाच हिशेब. माडांच्या बागेत घर असेल तर उंचावरचा उपग्रह बरा, हे एवढ्यासाठी. कंपनी चांगली की वाईट याच्याशी याचा काही संबंध नाही. मोकळ्या गच्चीवर सगळ्याच जवळपास सारख्या चालतात.

इथे एक गोष्ट फसवते. घरगुती छत्रीची एलएनबी मधोमध नसते, खालच्या बाजूला आलेल्या दांडीवर असते. त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा वीस-बावीस अंश जास्त वर बघत असते. लोक खालून बघतात आणि म्हणतात, "अहो, ही तर समोरच्या बिल्डिंगकडे तोंड करून आहे, चालेल कशी?" चालते, कारण ती बिल्डिंगच्या डोक्यावरून बघते. उलटही होतं: छत्रीसमोर सगळं मोकळं दिसतं आणि वर लोंबणारी फांदी कुणाच्या लक्षात येत नाही. आमचंच उदाहरण.

आणि झाड वाढतं. पानं आज छत्रीच्या वाटेपासून दोन हात दूर असतील तर पुढच्या पावसाळ्यानंतर ती तुमच्या वाटेत येतील. फणस, आंबा आजूबाजूला असेल तर तीन-चार वर्षांचा विचार करून जागा धरा.

दुसरी पायरी: तुम्हाला डिश हवीच आहे का?

हे डिशच्या दुकानात कुणी विचारणार नाही, म्हणून मी विचारतो. सोसायटीत चांगलं फायबर इंटरनेट आलेलं असेल, घरात दोघंच असाल आणि मालिका मोबाइलवर बघायची सवय असेल, तर छत्रीच्या भानगडीत पडू नका. घरात आजी-आजोबा असतील, रिमोटचं एकच बटण दाबून सह्याद्री किंवा बातम्या लागायला हव्या असतील, तर डिश किंवा केबल.

केबलचा गोव्यात एक मोठा फायदा आहे. प्रुडंट, गोवा ३६५ यांसारख्या इथल्या वाहिन्या, इथल्या विधानसभेच्या आणि गावच्या बातम्या केबलवर दिसतात. डिशच्या यादीत त्या सापडतील असं धरून चालू नका. नव्याने आलेल्याला गोवा समजून घ्यायचा असेल तर ही उणीव जाणवते. आम्ही त्या बातम्या यूट्यूबवर बघतो. डिशचा फायदा पावसाळ्यात कळतो. जोराच्या वाऱ्यात झाड पडून केबल किंवा फायबर तुटलं की दुरुस्तीला दिवस जातात. डिशचं चित्र जातं ते मिनिटांसाठी, आणि आपण होऊन परत येतं. सत्तरी, सांगे, केपे भागात आतल्या वाड्यांवर केबल पोचलेलीच नसते, तिथे प्रश्नच नाही.

दरमहा पैसे भरायचे नसतील तर दूरदर्शनची फ्री डिश आहे. बॉक्स आणि छत्री एकदा विकत घ्यायची, पुढे काही नाही. २००४ पासून ही सेवा चालू आहे. सह्याद्री मिळतं, काही मराठी मनोरंजन आणि चित्रपट वाहिन्या असतात, पण खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. त्यामुळे आज आहे ती वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मोठ्या मालिकांच्या वाहिन्या हव्या असतील तर पैसे भरावेच लागतात. भाड्याच्या खोलीत वर्षभरासाठी आलेल्या मुलांना मी फ्री डिशच सांगतो.

तिसरी पायरी: पॅक

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांमुळे प्रत्येक पैशाच्या वाहिनीला छापील किंमत आली आणि वाहिन्या सुट्या निवडायचा हक्क ग्राहकाला मिळाला. बिलात दोन भाग असतात: नेटवर्कचं शुल्क आणि वाहिन्यांची किंमत, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. नेटवर्क शुल्कावर पूर्वी १३० रुपयांची मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती काढून टाकली. त्यामुळे शेजाऱ्याचं शुल्क आणि तुमचं शुल्क सारखंच असेल असं समजू नका, पॅक घेताना हा आकडा वेगळा विचारा.

गोव्याचा पत्ता दिला की फोनवरची व्यक्ती बऱ्याचदा हिंदी पॅक पुढे करते. आम्हालाही तोच दिला गेला होता. सव्वाशे वाहिन्या आणि त्यांत मराठी मोजून चार. मागितल्यावर कळलं की मराठी पॅक गोव्यातही मिळतो, कुणी सांगत नाही इतकंच. मी एक साधी युक्ती करतो: घरात आठवडाभर कोणकोणत्या वाहिन्या लागल्या त्या फ्रीजवर लावलेल्या कागदावर लिहायच्या. आमच्याकडे तेरा निघाल्या, त्यांतल्या तीन फुकटच्या होत्या. मग झी, स्टार, कलर्स, सोनी यांचे छोटे मराठी बुके, म्हणजे एकत्र विकले जाणारे वाहिन्यांचे गठ्ठे, आणि बातम्यांच्या दोन-तीन सुट्या वाहिन्या असा हिशेब मांडला तर तयार पॅकपेक्षा स्वस्त पडला. तुमचा पडेलच असं नाही. सुट्या वाहिन्या जास्त झाल्या की बुके स्वस्त पडतो. दोन्ही मांडून बघा.

खेळाच्या वाहिन्या गरजेपुरत्याच घ्या. फुटबॉलच्या वर्ल्डकपला आमच्या वाड्यावर सगळेच त्या सुरू करतात आणि मग वर्षभर बंद करायच्या विसरतात.

बॉक्स विकत आहे की भाड्याने, हे आधीच विचारून ठेवा. आणि एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही, त्यामुळे "सहा महिने बघू, नाहीतर बदलू" हा विचार महागात जातो.

चौथी पायरी: बसवायचा दिवस

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या पुढची पाच वर्षं छळतात. त्या दिवशी रजा घ्या किंवा घरातल्या जाणत्या माणसाला थांबवा. टेक्निशियनला दिवसाला सात-आठ घरं करायची असतात, त्याची घाई आपण समजू शकतो, पण वर तो एकटा जाऊ नये.

भिंत कसली आहे ते आधी बघा. जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा भुसभुशीत आणि सच्छिद्र असतो, त्यात साधा फास्टनर ठोकला तर सुरुवातीला घट्ट वाटतो आणि दोन पावसाळ्यांत ढिला होतो. छत्री एक-दोन अंश जरी हलली तरी चित्राला त्रास व्हायला लागतो. काँक्रीटचा खांब, लिंटेल किंवा स्लॅब असेल तिथेच बोल्ट मारायला सांगा. मंगळुरी कौलांच्या घरावर छत्री चढवायचा हट्ट करू नका. एक कौल फुटलं की पावसाळ्यात खाली भांडी मांडत बसावं लागतं. अंगणात पक्क्या पायात रोवलेला लोखंडी पाइप हा तिथे उत्तम उपाय. तो ओळंब्यात असला पाहिजे, नाहीतर कोन जुळवताना टेक्निशियनची दमछाक होते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये भोकं पाडायला मालक नको म्हणत असेल तर गच्चीवर काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर स्टँड बसवता येतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला मात्र आधी विचारा, नंतर विचारलं की उत्तर नाहीच असतं.

किनाऱ्याजवळ, म्हणजे मिरामार, कांदोळी, कोलवा, हरमल असल्या ठिकाणी खारी हवा वर्षभरात बोल्ट खाते. बसवल्याच्या दिवशीच नटबोल्टना ग्रीस लावून घ्या आणि स्टँडवर रंगाचा हात मारा. आतल्या गावांत गंजापेक्षा माकडांचा त्रास जास्त. आमच्याकडे एक हुप्प्या एलएनबीच्या दांडीला लोंबकळून झोका घ्यायचा. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

वायर जोडायची पिन पाहा. एलएनबीला जिथे पिन लागते तिथे पाणी शिरलं की तांब्याची तार हिरवी पडते आणि सिग्नल हळूहळू मरतो. पिनेवर पाणी न शिरणारी टेप गुंडाळायला लावा. तुमच्याकडे रबरी टोपी असेल तर ती चढवा. वायर एलएनबीपासून थेट घरात न उतरवता, भिंतीच्या भोकापाशी खाली एक वेटोळं सोडायचं. पाणी त्या वेटोळ्याच्या तळाशी येऊन टपकतं, आत शिरत नाही. वायरमध्ये जोड नको. एकच अखंड वायर. जोडावर काळी टेप लावून "टेन्शन नको" म्हणणारा भेटेल, त्याला नाही म्हणा.

दोन टीव्ही असतील तर आत्ताच सांगा. एकाच वायरला दुफाटा मारून दोन बॉक्स चालवायचा प्रयत्न गावोगाव होतो. बॉक्स वायरमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देऊन कुठल्या प्रकारचा सिग्नल हवा ते सांगतो. दोन बॉक्स एकाच एलएनबीला दोन वेगळे हुकूम द्यायला लागले की आजीच्या खोलीतली मालिका आणि हॉलमधली क्रिकेट मॅच यांचं भांडण लागतं. दोन तोंडांची एलएनबी आणि दोन वायरी, दुसरा मार्ग नाही.

शेवटी, तो जायच्या आधी बॉक्सच्या मेनूतला सिग्नलचा पडदा उघडायला सांगा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तिथे दोन आकडे असतात: ताकद आणि दर्जा. कोरड्या दिवशी, निरभ्र आकाशात आलेले आकडे म्हणजे तुमच्या घराची जन्मपत्रिका. पुढे कधी चित्र बिघडलं तर याच्याशी ताडून बघता येतं. ताकद आहे आणि दर्जा शून्यावर, तर छत्री हलली आहे, झाड आड आलंय किंवा पाऊस आहे. दोन्ही शून्य, तर वायर, पिन किंवा एलएनबीकडे बघा. एवढं कस्टमर केअरला नीट सांगता आलं तरी निम्मा फोन वाचतो. बॉक्स नंबर, कार्ड नंबर, नोंदवलेला मोबाइल हे सगळं त्याच फोटोबरोबर ठेवा. आणि मोबाइल नंबर घरात जो कायम राहतो त्याचा द्या. आमच्या ओळखीच्या एका काकूंचा बॉक्स बंगळूरला असलेल्या मुलाच्या नंबरवर आहे. दर वेळी ओटीपीसाठी त्याच्या मीटिंगच्या मध्ये फोन जातो.

पाचवी पायरी: पहिला पावसाळा

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डीटीएचच्या लहरी ११-१२ गिगाहर्ट्झच्या. पावसाच्या थेंबांत त्या शोषल्या जातात आणि विखुरल्या जातात. रिमझिमीत काही होत नाही. मोठ्या थेंबांच्या मुसळधार सरीत चित्राचे आधी चौकोन होतात, मग ते गोठतं, मग पडद्यावर सिग्नल नसल्याचा संदेश. सर ओसरली की दहा-वीस मिनिटांत सगळं जागेवर. कुठल्याही कंपनीची डिश घ्या, हे होणारच. "आमची पावसात जात नाही" असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून काही विकत घेऊ नका.

नवख्यांना कोड्यात टाकणारी एक गोष्ट मे आणि ऑक्टोबरमध्ये घडते. बाहेर ऊन, अंगणात कपडे वाळताहेत, आणि चित्र गेलं. मग पंधरा मिनिटांनी गडगडाट आणि पाऊस. याचं कारण आपली छत्री आग्नेयेकडे, घाटाच्या अंगाने बघते आणि त्या दिवसांतले वळवाचे ढग घाटावर तयार होऊन आपल्याकडे सरकतात. पाच किलोमीटर उंचीपर्यंत पाऊस धरला तर ६० अंशांवरच्या उपग्रहाची रेषा घरापासून तीनेक किलोमीटरपर्यंतच्या पावसातून जाते. ४७ अंशांची तर साडेचार-पाच किलोमीटरपर्यंत. म्हणजे पाऊस शेजारच्या गावात असतो आणि चित्र आपलं जातं. माझ्या बायकोने याचा उपयोग करून घेतला आहे: मालिका अडकली की ती आधी दोरीवरचे कपडे काढते.

पावसात चित्र गेलं तर काही करू नका. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण हाताला चैन पडत नाही. बॉक्स रीसेट करणं, वाहिन्या पुन्हा शोधायला लावणं हे त्या वेळी मुळीच नको. सिग्नल नसताना शोध चालवला तर बॉक्स यादीच रिकामी करून ठेवतो आणि पाऊस गेल्यावरही तुम्ही अंधारात. पाऊस थांबून तासभर झाला, तरी चित्र नसेल, तरच सिग्नलचा पडदा उघडा आणि जुन्या फोटोशी ताडा.

विजेचं मात्र गमतीत घेऊ नका. वीज कडाडायला लागली की लोक टीव्हीचा प्लग काढतात आणि छत्रीची वायर बॉक्सला तशीच ठेवतात. गच्चीवरच्या लोखंडातून येणारा धक्का त्याच वायरने खाली उतरतो. प्लगही काढा आणि बॉक्सच्या मागची पिनही फिरवून मोकळी करा, पण गडगडाट डोक्यावर यायच्या आधी. आमच्या वाड्यावर एका ऑक्टोबरच्या संध्याकाळी चार बॉक्स गेले, चारही घरांत प्लग काढलेले होते.

कोरड्या दिवशी, पाऊस नाही, ढग नाही, आणि तरी सकाळी काही मिनिटं चित्र जातं, असं मार्चच्या मध्यावर किंवा सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला झालं तर घाबरू नका. त्या दिवसांत सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा गोंगाट सिग्नलला झाकून टाकतो. गोव्यात हे साधारण सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, काही दिवस, काही मिनिटं होतं. उलट तो मुहूर्त साधून घ्या: चित्र गेलेलं असताना छत्रीवर झाडाची सावली पडते का ते बघा. पडत असेल तर ते झाड उपग्रहाच्या वाटेत आहे, होकायंत्राची गरजच नाही. सूर्याकडे बघू नका, सावलीकडे बघा.

सहावी पायरी: रिचार्ज आणि चवथ

रिचार्ज संपायचा दिवस गणेश चतुर्थीत येऊ देऊ नका. शहरातली घरं बंद करून सगळे गावच्या मूळ घरी जातात, तिथला वर्षभर बंद असलेला बॉक्स काढतात, आणि त्याच दिवशी कळतं की तो निष्क्रिय झालाय. चवथीच्या दिवसांत टेक्निशियन मिळणं कठीण, तोही कुठेतरी आरतीला उभा असतो. गावच्या घरातला बॉक्स आठ दिवस आधी एकदा लावून बघा. महिनाभर कुणी राहणार नसेल तर कंपनीला सांगून सेवा तात्पुरती थांबवून घेता येते.

वर्षभराचा रिचार्ज स्वस्त पडतो म्हणून एका शेजाऱ्याने एकदम भरला. आठव्या महिन्यात बॉक्स मेला. कंपनी म्हणाली नवा बॉक्स विकत घ्या, म्हणजे उरलेले चार महिने चालू. तेव्हापासून मी तीन-तीन महिन्यांचा भरतो. थोडे पैसे जास्त जातात, झोप लागते.

रिचार्ज करताना कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून लावू नका. खोटे नंबर वर आणलेले असतात. समोरचा माणूस गोड बोलून मोबाइलचा पडदा दिसणारं ॲप टाकायला लावतो आणि खातं रिकामं होतं. नंबर बॉक्सच्या पडद्यावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असतो, तोच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे लांब गेलेले असतात.

सातवी पायरी: तक्रार

तक्रार फोनवर केली की तिचा नंबर मागून घ्या आणि तारखेसह लिहा. नंबर नाही म्हणजे तक्रार झालेलीच नाही. "टेक्निशियन उद्या येईल" हे तीन उद्या झाले की कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी जा, त्याचा पत्ता आणि मेल कंपनीच्या साइटवर असतो. तिथेही काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बरेच जण रागाने ट्रायला लिहितात. ट्राय नियम करतं, एकेका ग्राहकाची तक्रार ते सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. अगदी टोकाला गेलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, उत्तर आणि दक्षिण गोव्याचे वेगळे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आमच्या वेळच्या भांडणात नोडल अधिकाऱ्याला गेलेल्या मेलमध्ये फक्त तीन ओळी होत्या: तीन तक्रार नंबर, तीन तारखा, आणि सिग्नलच्या पडद्याचे दोन फोटो. दुसऱ्या दिवशी माणूस आला. त्याआधी मी दोन पानं रागाने लिहिली होती, त्यांना उत्तर नव्हतं.

जुना बॉक्स बरोबर आणला असेल तर

कोल्हापूर किंवा बेळगावहून येताना बॉक्स, कार्ड आणि एलएनबी आणा. गंजलेली छत्री टेम्पोत भरू नका. तोच बॉक्स इथे चालतो, उपग्रहाचा झोत सगळ्या देशावर असतो. छत्रीचा कोन मात्र नव्याने जुळवावा लागतो. कंपनीत पत्ता बदलून ४०३ ने सुरू होणारा गोव्याचा पिनकोड नोंदवा, नाहीतर तुमच्या तक्रारीसाठी टेक्निशियन कोल्हापुरात निघतो. हे विनोद म्हणून सांगत नाही, आमच्या वरच्या मजल्यावर घडलंय. तो बिचारा राजारामपुरीतून फोन करून विचारत होता, "साहेब, लिफ्ट आहे का?"

घर सोडताना छत्री मालकाला ठेवायची असेल तर ठेवा, भोकं सिमेंटने बुजवा, वायर कापू नका, गुंडाळून ठेवा, पुढच्या भाडेकरूला उपयोगी पडते. आमची ती पहिली छत्री अजून आहे. मे महिन्यात आई त्यात सोलं वाळत घालते, त्याच मानकुरादाखाली.